खंडेनवमीला पुजलेली कार्डं

आक्काताईंनी उभ्या जन्मात कुणाला काही शिकवलं नाही, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! शाळा दुसरीपर्यंत. सही करता यायची, एस.टी.ची पाटी वाचता यायची, आणि समोरच्याचं तोंड वाचायला तर शाळा लागतच नाही.

त्यांचे सासरे कृष्णाकाठाला गुळातले जाणते माणूस. काहिलीतला रस पाण्यात टाकून बोटानं दाबायचे, 'उतरवा' म्हणायचे, आणि गूळ असा सोन्यासारखा पडायचा की कराडच्या पेठेत व्यापारी ढेपेला हात लावायच्या आधी गाव विचारायचे. भावकीतले लोक शेजारी पाट टाकून बसायचे, बघायचे, पण म्हाताऱ्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. "विद्या कोयत्यासारखी असती. दुसऱ्याला दिली की बोथट हून परत येती," असं ते म्हणायचे. आक्काताईंनी हे वाक्य स्त्रीधनासारखं जपलं.

आणि अशा घरात शालू सून म्हणून आली. सांगलीच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, वर पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा अभ्यास केलेली. नवरा धनाजी फौजेत, तिकडं जबलपूरला. इकडं साखर कारखान्यानं नवीन खातं काढलं, त्यात शालूला घेतलं. काम काय, तर गटातल्या सगळ्या उसाच्या लागणीच्या तारखा कॉम्प्युटरला द्यायच्या आणि कुणाचा ऊस कवा तोडायचा त्याची यादी काढायची. कॉम्प्युटर कारखान्यात नव्हताच. तो सांगलीला, एका कंपनीच्या थंडगार खोलीत. कारखान्यात होतं ते नुसतं कार्डांना भोकं पाडायचं यंत्र. काय करायचं ते हुकूम शालूनं कार्डांवर भोकांनी लिहायचे, कार्डांचा गठ्ठा घेऊन आपल्या पाळीच्या दिवशी सांगलीला जायचं, आणि यंत्रानं तो गठ्ठा पत्ते ओढावेत तसा ओढून घ्यायचा.

हे सगळं आक्काताईंना मान्य होतं. सून पँटवाल्या साहेबांच्यात बसून काम करते हे त्या गावभर सांगायच्या. मान्य नव्हतं ते एकच.

सांगलीच्या त्या खोलीबाहेर एक बाक होतं. सातारा, फलटण, शिरवळ, आटपाडी, कुठकुठली शिकलेली पोरं आपापले गठ्ठे घेऊन त्या बाकावर पाळीची वाट बघत बसायची. आणि बसल्या बसल्या एकमेकांना तुकडे द्यायची. तुकडा म्हणजे पाच-पंचवीस कार्डांचा छोटा गठ्ठा, एक काम करणारा. कुणाचा आकडे लहान-मोठे क्रमानं लावणारा, कुणाचा कागदावर नीट रकाने पाडणारा. तुकड्याला रबर लावायचं, वर चिठ्ठी खोचायची: हा असा वापरा, इथं जपा, इथं माझा एक दिवस गेला तुमचा जाऊ देऊ नका. घेणाऱ्यानं त्याची नक्कल करून ठेवायची आणि आपला एखादा तुकडा पुढं करायचा. शालू रोज दिवेलागणीला अंगणात बसून असल्या चिठ्ठ्या लिहायची.

"काय लिवतीस गं एवढं?" आक्काताई विचारायच्या.

"साताऱ्याच्या बँकेत राजाराम म्हणून हाईत, आत्या. त्यास्नी तारखांचा तुकडा पायजे. दोन तारखांच्या मधी किती दिवस गेलं ते मोजायचा."

"तू केलास न्हवं तो? डोकं तुजं शिणलं न्हवं?"

"व्हय."

"मग त्यो फुकट का?"

"त्यांनी मला क्रम लावायचा दिला हुता की."

"आगं, म्हस दिली तर दूध तरी मागतात! तू म्हस बी दिलीस आन् दावं बी. उद्या त्योच राजाराम तुज्या जागंवर यिऊन बसंल, मग लिव चिठ्ठ्या."

शालू हसायची आणि लिहीत राहायची. सून हसली की आक्काताईंना राग यायचा, आणि राग आला की भाकरी जास्त चांगली व्हायची. घरात त्यामुळं कुणाचं वाईट चाललं नव्हतं.

ते अठ्ठ्याहत्तर साल. दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटणार, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सांगलीला शालूची पाळी. शेतकी अधिकारी लालासाहेब स्वतः सोबत जाऊन बघणार होते. यादी नीट निघाली तर खातं राहणार, शालूची नोकरी कायम. नाही निघाली तर लालासाहेबांची माणसं पूर्वीसारखी हातानं यादी करणार, आणि शालूनं घरी बसायचं. लालासाहेबांनी तसं तोंडावर सांगितलं होतं. माणूस वाईट नव्हता. यंत्रावर त्याचा विश्वास नव्हता इतकंच. "यंत्राला भोकं पाडणारं माणूसच असतंय. आपल्या माणसाचा ऊस वर घ्यायला कितीसा येळ लागतोय?" असं ते म्हणायचे, आणि म्हणताना शालूकडं बघायचे नाहीत. न बघणंच बोलकं होतं.

नवमीच्या आदल्या दिवशी कारखान्यात रंगसफेदी निघाली. चुना उडेल म्हणून शालूनं हुकमाचा गठ्ठा घरी आणला आणि देवळीत ठेवला. शेतकऱ्यांच्या तारखांची कार्डं तेवढी कारखान्यातल्या लोखंडी कपाटात राहिली. सकाळी ती यंत्राचं काय झालं बघायला पुन्हा कारखान्यात गेली.

इकडं खंडेनवमी. हत्यारं पुजायचा दिवस. आक्काताईंनी अंगण सारवलं, घोंगडं अंथरलं, त्यावर नांगराचा फाळ, कुऱ्हाड, कोयते, खुरपी, पहार, मोटारीचा पाना, सगळं धुऊन पुसून ओळीनं मांडलं. धनाजीची बंदूक सरकारची, ती इथं कुठली? तिच्या जागी फौजेतला जुना पट्टा ठेवला. मांडून झाल्यावर त्या लांब उभ्या राहून बघू लागल्या, आणि त्यांना वाटलं, काहीतरी राहिलं.

घरात कमावतं माणूस कोण? सून. तिचं हत्यार कुठाय?

देवळीतला गठ्ठा काढून आक्काताईंनी मधोमध ठेवला, फाळाच्याही पुढं. छाती भरून आली त्यांची. सगळ्या हत्यारांवर फुलानं पाणी शिंपडलं, तसं गठ्ठ्यावरही शिंपडलं. हळद ओली केली, कुंकू ओलं केलं. फाळाला पाच बोटं ओढली, कोयत्याला ओढली. कार्डं तर किती तरी, मग एकट्या वरच्या कार्डाला लावून बाकीच्यांवर अन्याय का करायचा? गठ्ठा पंख्यासारखा पसरून त्यांनी हात सैल सोडला. झेंडूची फुलं वाहिली. नारळ फोडला, त्याचं पाणी चौफेर दिलं. कुणाला कमी केलं नाही.

शालू दुपारी आली ती दारातच थांबली. ओरडली नाही, रडली नाही. घोंगड्यापाशी बसली, एक कार्ड उचललं, उन्हात धरलं. कार्ड पापडासारखं वाकलं होतं, कडा फुगलेल्या, भोकांत हळद.

"बघतीस काय?" आक्काताई म्हणाल्या. "समद्यांच्या म्होरं मांडलंय तुजं हत्यार."

"आत्या, कार्डाला पाणी चालत न्हाई."

"वाळतंय की. ऊन काय कमी हाय?"

"वाळलं तरी फुगल्यालं फुगल्यालंच ऱ्हातंय. यंत्र वढून घेताना अडकंल. फाटंल." शालू खाली बघत बोलत होती. "परवा पाळी हाय."

आक्काताईंनी घोंगड्यावरची फुलं उगाच सारखी केली. मग राग आला, तो कुणावर काढावा कळेना; कोयत्यावर काढता येईना, देवावर येईना. शेवटी म्हणाल्या, "मग सुनंनं सांगून जायचं न्हवतं व्हय, का ह्यास्नी पाणी चालत न्हाई म्हणून? समद्या जगाला चिठ्ठ्या लिवतीया, सासूला एक लिवायला काय झालं हुतं?"

शालूनं वर बघितलं आणि चक्क हसली. डोळ्यात पाणी होतं, तरी हसली.

"चुकलंच, आत्या."

ती कार्डं चाळू लागली. भोकांच्या वर छापलेली अक्षरं वाचता येत होती, म्हणजे बघून नव्यानं भोकं पाडता येणार होती. दसऱ्याचा अख्खा दिवस कारखान्यात बसली तरी निम्मीच होतील. निम्म्याच्या पलीकडं दोन मोठे तुकडे: तारखांचा आणि क्रम लावायचा. तिचा हात तिथं थांबला.

"हे दोन साताऱ्याला राजारामांच्याकडं हायत. कोरडं. ते आणलं कुणी, तर बाकीचं मी वढून काढीन. पण उद्या दसरा. बँक बंद, फोन कुणी उचलायचं न्हाई, आन् जायचं कुणी?"

घरात तिसरं माणूस नव्हतं. आक्काताईंनी हळदीचे हात पदराला पुसले. "पत्ता सांग."

दसऱ्याच्या सकाळी बॉयलरकडं गर्दी वळली तेव्हा आक्काताई उलट्या दिशेच्या एस.टी.त बसल्या. कनवटीला आपट्याची चार पानं. सणाला कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नसतं. वाटेत त्यांच्या मनात एकच विचार, आणि तो कडू. ज्या देण्यावरून आपण पोरीला सहा महिने टोचलं, तेच परत मागायला निघालोय.

राजारामचं घर स्टँडपासून लांब नव्हतं. वस्तीच्या तोंडाशी पाच रंगांचा झेंडा लागलेला, बायामाणसं पांढऱ्या लुगड्यांत. तवा आक्काताईंच्या ध्यानात आलं. आज ह्यांचा मोठा दिवस. नागपूरला दीक्षा झाली तो दिवस. शालूनं पत्ता सांगितला, आडनाव सांगितलं नव्हतं, आणि आक्काताईंनीही विचारलं नव्हतं. आता परत फिरायला एस.टी. होती, पण तुकडे नव्हते.

दारात राजारामची आई बसली होती. मनुबाई. आक्काताईंच्याच वयाची, त्यांच्यासारखीच ताठ.

"कोण पायजे?"

"राजाराम हायती का? मी शालूची सासू. कराडकडनं आलीया."

"शालूताईची?" मनुबाईनं वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हंजी, म्हस बी दिलीस आन् दावं बी म्हणणारी ती सासू तुमीच?"

सुनेनं चिठ्ठीत काय काय लिहिलं होतं देव जाणे.

"मीच," त्या म्हणाल्या. "आन् आज दावं मागायला आलीया."

मनुबाई मोठ्यानं हसल्या आणि आत हाक मारली. राजाराम बाहेर आला. बारीक, चष्मेवाला, पांढऱ्या सदऱ्यातला. आक्काताईंनी सगळं सांगितलं, हळदीसकट. हळदीपाशी तो हसायला लागेल असं वाटलं होतं, तो हसला नाही. "माझी कार्डं खोलीत उंदरानं खाल्ली होती," म्हणाला. "तेव्हा फलटणच्या नानासोंनी दिली. बसा, मावशी. काढतो."

आक्काताईंनी कनवटीची पानं काढली. "सोनं घ्या."

"आमी सोनं लुटत न्हाई आज," मनुबाई म्हणाल्या, रागानं नव्हे, जसं कुणी आपल्या घरचं रीतीचं सांगावं तसं. "पण पानं ठेवा. आमची शेळी खाईल."

मग चहा आला. कप समोर ठेवून मनुबाई बघत राहिल्या. आक्काताईंनाही ते बघणं कळलं. त्यांच्या घरी त्यांच्या सासऱ्यांच्या काळी अशा माणसाला पाणी वरून ओतलं जायचं, आणि ओतणाऱ्या हातांत त्यांचा हात होता. आता दुसऱ्याच्या दारात येऊन त्याच्या डोक्यातलं मागायचं, आणि कपाकडं बघत बसायचं? त्यांनी कप उचलला आणि एका दमात निम्मा केला.

"साखर लय झालीया."

"तुमच्याच कारखान्याची हाय," मनुबाई म्हणाल्या.

दोघी हसल्या. हसण्यात सगळं आलं नाही. पण दार उघडं राहण्यापुरतं आलं.

राजाराम बुटाचा खोका घेऊन आला. त्यात दोन गठ्ठे, प्रत्येकाला रबर आणि चिठ्ठी. "शालूताईंना एक सांगा. तारखांच्या तुकड्यात मी दोन कार्डं बदललीत. फेब्रुवारी एकोणतीसचा असतो त्या वर्षी एक दिवस कमी येत होता."

"माज्या सुनंचं चुकलं हुतं?" आक्काताईंचा आवाज चढला. सुनेला त्या हजार बोलतील. दुसऱ्यानं अर्धा शब्द बोलायचा नाही.

"तुमच्या उसाला फरक नाही, मावशी. त्याच्यात ते वर्षच येत नाही. आमच्या बँकेला व्याजाचा दिवस न् दिवस धरावा लागतो, म्हणून माझ्या लक्षात आलं."

"आन् गेल्या सालचा धोंड्याचा महिना धरलाय का त्यात? आमच्या गटात निम्म्या लागणी धोंड्यातल्या."

"इंग्रजी तारखांना धोंडा नसतो. चार वर्षांनी एक दिवस, बास."

"एकच दिवस? मग जावयाला काय दिवं देता त्या दिवशी?"

मनुबाईंना ठसका लागला. राजारामही हसला, आणि हसता हसता निळी पेन्सिल घेऊन गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर तिरकी रेघ ओढली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. दुसऱ्या गठ्ठ्यावर तांबडी.

"हे कशापायी?"

"सांडली तर. आता बघा, एकेका कार्डाच्या कडेला नुसता ठिपका आला. पहिल्याचा अगदी डावीकडं, पुढच्याचा जरा उजवीकडं. ठिपके ओळीनं लावले की रेघ परत जुळते. क्रम चुकला तर यंत्र काहीच्या बाही करतं."

"हे कुणी काढलं?"

"कुणास ठाऊक. शिरवळच्या एकानं मला दाखवलं. त्याला कुणीतरी."

आक्काताई खोक्याकडं बघत बसल्या. मग सासऱ्यांचं त्यांच्या तोंडून आपोआप निघालं: ती काहील, ते पाण्यातलं बोट, भावकीला न सांगितलेलं.

"मग आता कुणाला येतंय ते?" मनुबाईंनी विचारलं.

"कुणालाच न्हाई. आमच्या ह्यांना बी न्हाई सांगितलं त्यांनी." आणि बोलता बोलता आक्काताईंना पहिल्यांदा कळलं, की गेली वीस वर्षं आपण ज्याचा अभिमान बाळगला ती विद्या कुठंच नाही. घरातही नाही, भावकीतही नाही, काहिलीतही नाही. त्यांनी उरलेला चहा संपवला. "येते, बाई. कराडकडं आलात तर या. साखर कमी घालीन."

परतीची एस.टी. दसऱ्यामुळं खचाखच. कंडक्टर म्हणाला, "आजी, खोका वर टाका."

"तुजी आई वर टाक. ह्यो मांडीवरच ऱ्हाणार."

"आवं, दुसरं माणूस बसंल."

"माज्या मांडीवर?"

गाडीभर हसू झालं आणि कंडक्टरनं नाद सोडला. पण अतीत गावाच्या पुढं रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला, आणि आक्काताईंनी सीटचा दांडा धरायला एक हात सोडला. एकच. खोका उडाला, रबरं तुटली, आणि कार्डं पायांच्या जंगलात पसरली.

"कुणी पाय हलवायचा न्हाई!" आक्काताई अशा ओरडल्या की ड्रायव्हरनंसुद्धा गाडी सुरू केली नाही. "हाय तिथं उभं ऱ्हावा. पायाखाली माज्या सुनंची भाकरी हाय."

माणसं पुतळ्यासारखी उभी. रजेवर आलेला एक फौजी खाली वाकला, दोन बाया वाकल्या, कंडक्टर तिकिटांचा खोका बगलेत मारून सीटखाली शिरला. एकेक कार्ड वर येऊ लागलं.

"कसलं पत्तं हो, आजी?" फौजीनं विचारलं.

"तुज्या बापानं कधी खेळलं न्हाईत असलं. पुस आदी ते, पुस. थुकी लावू नगंस!"

सगळी मिळाली. पण निळं तांबड्यात, तांबडं निळ्यात, पहिलं कुठलं आणि शेवटचं कुठलं याचा पत्ता नाही. चिठ्ठ्या होत्या, त्या वाचण्याइतकी शाळा त्यांच्याकडं नव्हती. ठिपके मात्र दिसत होते. त्यांनी पदर मांडीवर पसरला. आधी रंग वेगळे केले. मग निळ्यातलं अगदी डावीकडच्या ठिपक्याचं कार्ड काढलं, त्याच्यामागं जरा उजवीकडचं, मग आणखी जरा. शेजारची बाई म्हणाली, "हे न्हाई, आक्का, हे त्याच्या आदी." तिच्या शेजारची म्हणाली, "बघू, माजं डोळं बारीक हायत." गाडी सुरू झाली. फौजी दोन्ही हात भिंतीसारखे धरून उभा, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. उंब्रज येईपर्यंत निळी रेघ जुळली, अलीकडच्या कोपऱ्यापासून पलीकडं, मळवट भरावा तशी सरळ. कराडच्या अलीकडं तांबडी.

उतरताना कंडक्टर म्हणाला, "आजी, ही रेघेची युक्ती लय भारी. आमच्या तिकिटांच्या गड्ड्याला चालंल का?"

"चालंल," आक्काताई म्हणाल्या. आणि दोन पावलं गेल्यावर परत वळल्या. "तिरकी वढ. आडवी वढशील येड्यासारखी."

शालू कारखान्यातून आली तवा तिची बोटं सुजली होती. बाकीचा सगळा गठ्ठा नवा, कोरडा. आक्काताईंनी खोका पुढं केला.

"सांडली हुती गाडीत. लावलीत मी."

शालूचा चेहरा उतरला. ती कार्डं एकेक करून बघू लागली. आक्काताई चुलीपाशी पाठ करून बसल्या, पण कान मागं. बराच वेळ कार्डांचा सळसळ आवाज. एका जागी तो थांबला. दोन कार्डांचे ठिपके अगदी जवळ होते, ती उलटसुलट लागली होती. शालूनं न बोलता बदलली. आक्काताईंनी न बोलता ते ऐकलं.

"बरोबर हाय, आत्या."

"असणारच."

दुसऱ्या दिवशी सांगलीला तिघं गेली: शालू, लालासाहेब आणि न बोलावता आक्काताई. "मीच भिजवली, मीच सांडली. आता काय हुतंय ते मला नगं बघाया?" काचेपलीकडं यंत्र. शालूनं आत जाऊन हुकमाचा गठ्ठा, त्यामागं शेतकऱ्यांच्या तारखांची कार्डं ठेवली, कळ दाबली. यंत्रानं कार्डं ओढायला सुरुवात केली, फर्रर्र करून. एकही कार्ड अडकलं नाही. गठ्ठा संपला. मग नुसती शांतता. आक्काताईंना वाटलं, गेलं सगळं. तेवढ्यात पलीकडचं दुसरं यंत्र खडखडाट करायला लागलं आणि कागद बाहेर यायला लागला, लांबच लांब, घडीवर घडी.

शालूनं कागद बाहेर आणला, लालासाहेबांनी तो हातात घेतला. पहिलं नाव बघितलं नाही, दुसरं बघितलं नाही. ते बोट खाली खाली नेऊ लागले. काय शोधतायत ते शालूला कळलं, आक्काताईंनाही कळलं. कार्तिक संपला, मार्गशीर्ष संपला. आक्काताईंचं नाव नव्हतं. त्यांची भावकीतली सुलाबाई पहिल्याच पानावर होती, धोंड्यातल्या लागणीची. बोट पौषातून उतरलं आणि पार माघात जाऊन थांबलं.

"आक्काताई," लालासाहेब म्हणाले, "तुमचा ऊस माघात हाय."

"माघात? आन् सुलीचा कार्तिकात?" आक्काताईंचा आवाज काचेपलीकडंही गेला असेल. "आगं शालू, यंत्राला सांगितलं न्हाईस व्हय आपलं कोण हाय?"

"मोटर जळली म्हणून लागण दिवाळीनंतर केली, आत्या. तारीख तीच टाकलीया मी."

लालासाहेबांनी कागदाची घडी घातली. नीट, कडा जुळवून घातली.

"मी मुद्दाम तुमचंच नाव हुडकत हुतो," ते म्हणाले. "वर सापडलं असतं तर आज ह्यो कागद फाडून टाकणार हुतो. सासूला जी माघात टाकती, तिच्या यादीवर गटात कोण बोट ठेवणार? खातं ऱ्हातंय, शालूताई. संचालकांना मी सांगतो."

शालूनं वाकून दोघांनाही नमस्कार केला. आक्काताईंच्या मनात गोड काहीतरी आलं होतं, पण ते असं लालासाहेबांसमोर बाहेर काढायला त्या काय खुळ्या होत्या?

"माघात तर माघात," त्या म्हणाल्या. "थंडीत ऊस गोड हुतोय. सुलीचा पचपचीत जाईल कार्तिकात, मग समजंल तिला." आणि बाहेरच्या बाकाकडं चालू लागल्या, जिथं आटपाडीची कुणी मुलगी आपला गठ्ठा मांडीवर घेऊन, शालू कधी बाहेर येते याची वाट बघत बसली होती. आक्काताई तिच्या शेजारी टेकल्या. "ती येतीया," म्हणाल्या. "काय पायजे ते माग. माजी सून हाय ती."